शंभर हर्ट्झला चकत्या का मोडल्या? फिरत्या चुंबकीय क्षेत्रातल्या कलिल कणांचं एक प्रकरण

चुंबकीय क्षेत्र सेकंदाला शंभर वेळा, म्हणजे १०० हर्ट्झला, फिरवल्यावर पाण्यातल्या बारीक कणांच्या गोल चकत्या मिळायला हव्या होत्या. मिळाले ते पट्टे. एकमेकांपासून अंतर राखून पसरलेले, सगळे एकाच दिशेला, आणि क्षेत्र तयार करणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांच्या (कॉइलच्या) अक्षाशी किंचित तिरपे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात हे घडलं. दोन मुली आणि एक मुलगा असा गट होता, मार्गदर्शक मी. चकत्या पहिल्याच फटक्यात मिळाल्या असत्या तर आम्ही फोटो काढून अहवालाला जोडले असते आणि विषय तिथंच संपला असता. पट्ट्यांचं कारण शोधताना मात्र या विषयाच्या गाभ्याशी जावं लागलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

कलिल कण म्हणजे काही नॅनोमीटरपासून काही मायक्रोमीटरपर्यंतचे, द्रवात तरंगत राहणारे कण. ते अणूंसारखे उष्णतेने सतत थरथरतात, आणि तरीही त्यातले मोठे, मायक्रोमीटरच्या आसपासचे, कण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेगळे दिसतात. अणूंची रचना डोळ्यांनी पाहता येत नाही, या कणांची येते. म्हणूनच स्फटिक कसा जमतो, कसा वितळतो, त्यात दोष कुठे राहतात हे पाहायला जगभर त्यांचा उपयोग होतो. नॉर्वेमध्ये श्येल्टॉर्प यांनी १९८३ साली चुंबकीय द्रवात प्लास्टिकचे गोल कण सोडून, बाहेरच्या क्षेत्राच्या जोरावर त्यांच्या साखळ्या आणि षट्कोनी जाळ्या जमवून दाखवल्या होत्या. क्षेत्र बंद केलं की रचना विरघळते, चालू केलं की पुन्हा जमते. मुलांना या विषयाकडे ओढलं ते याच गोष्टीने.

स्थिर चुंबकीय क्षेत्रात प्रत्येक कण तात्पुरता छोटा चुंबक होतो आणि सगळ्यांचे ध्रुव एकाच दिशेला वळतात. दोन कण क्षेत्राच्या दिशेत एकामागे एक असले तर ओढले जातात. शेजारी शेजारी असले तर एकमेकांना लोटतात. अंतर सारखं असेल तर ओढ ही लोटण्याच्या दुप्पट असते. ओढीला उणे २ आणि लोटण्याला अधिक १ म्हणू. स्थिर क्षेत्रात त्यामुळे फक्त साखळ्या होतात, आणि साखळ्या एकमेकींपासून दूर राहतात.

आता हेच क्षेत्र काचपट्टीच्या प्रतलात गोल फिरवा. सावकाश फिरवलं तर साखळी सोबत फिरते. वेग वाढला की पाण्याचा विरोध वाढतो, साखळी मागे पडते आणि मधून तुटते. पाण्याचा विरोध आणि चुंबकीय ओढ यांचं गुणोत्तर मेसन अंक नावाने ओळखलं जातं. साखळीची लांबी त्याच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे क्षेत्र चौपट वेगाने फिरवलं तर साखळी साधारण निम्मी होते. वेग आणखी वाढवला की कणांना क्षेत्राच्या मागे जायला वेळच उरत नाही. त्यांना जाणवते ती फक्त सरासरी. प्रतलातल्या कोणत्याही जोडीसाठी अर्धा हिस्सा उणे २, अर्धा अधिक १, सरासरी उणे अर्धा. सगळ्या बाजूंनी सारखी ओढ. प्रतलाच्या वर-खाली मात्र कायम अधिक १, म्हणजे लोटणंच. म्हणून कण एकावर एक चढत नाहीत, एका थरात पसरून गोल चकत्या करतात, आणि चकतीच्या आत षट्कोनी मांडणी लागते.

हे विद्युत क्षेत्रानेही जमतं. उट्रेख्ट विद्यापीठातल्या गटाने २००९ मध्ये विद्युत क्षेत्र एका प्रतलात फिरवून कणांचे असेच थर घडवले आहेत. पण विद्युत क्षेत्राला पाण्यातले क्षार भोवतात. आयन क्षेत्र झाकून टाकतात आणि वारंवारता कमी असेल तर इलेक्ट्रोडवर बुडबुडे येतात. आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते पाण्याच्या टाकीवरची पांढरी पुटं पाहून कळतं. चुंबकीय क्षेत्राला क्षारांशी देणंघेणं नाही, म्हणून आम्ही चुंबकीय वाट धरली.

कण

मुलांनी आधी नाल्याच्या वाळूत चुंबक फिरवून काळी रेती गोळा केली. गावाकडे हा खेळ सगळ्यांना माहीत असतो. ती रेती म्हणजे दख्खनच्या काळ्या दगडातून झिजून आलेलं टायटॅनोमॅग्नेटाइट, लोह आणि टायटॅनियमचं चुंबकीय खनिज. खलात घोटून ती बारीक केली, पण उपयोग झाला नाही. कण मोठे होते, झटकन तळाला बसले, आणि क्षेत्र बंद केल्यावरही एकमेकांना चिकटून राहिले. त्यांच्यात स्वतःचं चुंबकत्व शिल्लक राहत होतं. असा कण क्षेत्रासोबत स्वतःच फिरू पाहतो. मग सरासरीचा वरचा हिशेब त्याला लागू होत नाही.

त्यानंतर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं काळं चुंबकीय ऑक्साइड, बनवलं. फेरिक क्लोराइड आणि मोहर क्षार (फेरस अमोनियम सल्फेट) अशा प्रमाणात घेतले की फेरिक लोह फेरसच्या दुप्पट राहील. त्यात अमोनिया टाकला की काळा साका लगेच येतो. त्यातले स्फटिक साधारण १० नॅनोमीटरचे असतात. एवढ्या लहान स्फटिकात चुंबकत्वाची दिशा खोलीच्या उष्णतेनेच उलटत राहते, म्हणून क्षेत्र गेलं की चुंबकत्वही जातं. या स्फटिकांचे दोनेक मायक्रोमीटरचे पुंजके आम्ही निथळून वेगळे केले. भराभर बसणारे टाकून दिले, बसायला फार वेळ लावणारेही टाकून दिले.

एका खेपेला हे कण बोअरच्या पाण्यात धुतले गेले आणि क्षेत्र लावायच्या आधीच त्यांचे गोळे झाले. कारण जुनं आणि पक्कं आहे. पाण्यात कण सुटे राहतात ते त्यांच्यावरच्या सारख्या विद्युतभारामुळे, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे दुहेरी भाराचे आयन ते रक्षण सोडियमपेक्षा कितीतरी पटींनी लवकर मोडतात. शुल्झ-हार्डी नियम तो हाच. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणि लिंबूसताचा हात लावल्यावर कण सुटे राहू लागले. अशा कामात पहिला प्रश्न नेहमी हा विचारावा: क्षेत्र बंद केल्यावर कण पुन्हा विखुरतात का? विखुरले नाहीत तर ती क्षेत्राने घडवलेली रचना नव्हेच, तो नुसता साका.

क्षेत्र

फिरतं चुंबकीय क्षेत्र विदर्भातल्या शेतकऱ्याला नवं नाही. विहिरीवरची थ्री-फेज मोटर त्याच्यावरच चालते. कॉइल एकमेकींशी कोन करून बसवायच्या आणि त्यांतले प्रवाह वेळेत मागे-पुढे ठेवायचे. टेस्ला आणि फेरारिस यांनी १८८८ मध्ये स्वतंत्रपणे जगापुढे ठेवलेली युक्ती हीच. फेरारिस यांनी दोनच कॉइल काटकोनात ठेवल्या होत्या आणि प्रवाहांत ९० अंशांचं अंतर ठेवलं होतं. आम्हीही तेच केलं.

कॉइल गुंडाळून दिल्या तालुक्याच्या बाजारपेठेतल्या मोटर रिवाइंडिंगवाल्या मिस्त्रींनी. सागवानाच्या चौकटीत दोन जोड्या बसवल्या. आतली जोडी ५ सेंटिमीटर त्रिज्येची, प्रत्येकी २०० वेढे. बाहेरची ७ सेंटिमीटरची, प्रत्येकी २८० वेढे. वेढे जास्त देण्यामागे हिशेब होता. त्रिज्या वाढली की क्षेत्र कमी होतं, वेढे त्याच प्रमाणात वाढवले की बरोबरी होते. दोन्ही जोड्या एका अँपिअरला साधारण ३.६ मिलिटेस्ला क्षेत्र देत होत्या. वीज बॅटरीची, म्हणजे लाइट गेली तरी प्रयोग थांबत नव्हता. अर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाने साइन आणि कोसाइन अशा दोन लहरी तयार करायच्या आणि मोटर चालवायच्या एका साध्या ड्रायव्हर बोर्डाने त्या कॉइलना पुरवायच्या. सूक्ष्मदर्शकाचा लोखंडी मंच काढून त्या जागी लाकडाचा बसवला, नाहीतर लोखंडाने क्षेत्र वाकवलं असतं.

१ हर्ट्झला साखळ्या फिरल्या. १० हर्ट्झला तुटल्या आणि त्यांच्या लहान लहान चकत्या झाल्या, पण अस्वस्थ. कडेचे कण सुटून शेपटीसारखे मागे ओढले जात होते. वारंवारता वाढवली की सरासरी अधिक चांगली लागेल आणि चकत्या नीट होतील, असा सरळ तर्क होता. वाढत्या वारंवारतेला कॉइलमधला प्रवाह कमी होतो हे माहीत असल्याने दोन बॅटऱ्या ओळीत जोडून २४ व्होल्ट केले. आणि १०० हर्ट्झला पट्टे आले.

शोध

पहिला संशय पृथ्वीच्या क्षेत्रावर होता. ते आपल्याकडे सुमारे ०.०४ मिलिटेस्ला, म्हणजे आमच्या क्षेत्राच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास. एवढ्याने पट्टे पडायला नकोत, पण नुसत्या अंदाजावर राहायचं नव्हतं. गटातल्या एका मुलीने सरळ अख्खी चौकट टेबलावर काटकोनात फिरवली. पट्टेही चौकटीसोबत फिरले. उत्तर-दक्षिणेचा प्रश्न निकालात निघाला. या एका कृतीने आमचं बरंच काम वाचवलं. दोष चौकटीत आहे की चौकटीबाहेर, हे त्यातून स्वच्छ कळलं.

दुसरा संशय कणांवर. ते कायमचे चिकटले असतील का? वारंवारता पुन्हा १० वर आणली. पट्टे विरले, चकत्या परत आल्या. कण निर्दोष होते. मग वारंवारता हळूहळू चढवत नेली. चकत्या एकदम मोडत नव्हत्या. त्या आधी लांबट झाल्या, ५० हर्ट्झला अंडाकृती दिसू लागल्या, १०० जवळ आल्यावर त्यांचे पट्टे झाले. म्हणजे कारणही वारंवारतेसोबत हळूहळू वाढणारं होतं.

मिस्त्री एकदा कॉइलचं सैल टोक बसवायला आले होते. मुलांनी त्यांना मोबाइलवर आधी चकत्यांचा आणि मग पट्ट्यांचा व्हिडिओ दाखवला. ते पाहून म्हणाले, "मॅडम, हे तर एक फेज कमजोर झाल्यासारखं वाटते जी. एक फेज गेला का मोटर नुसती गुंगुं करते, फिरत नाही. तुमचं बी गोल फिरून नाही राह्यलं."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. एक फेज गेल्यावर मोटरमधलं क्षेत्र गोल फिरत नाही, एकाच रेषेत पुढे-मागे हलतं, आणि मोटर तापून जळते. थ्री-फेजची वीज अर्धवट येण्याचा फटका ज्याला बसला आहे त्याला हे पाठ असतं. आमची कॉइल बंद पडली नव्हती. पण गोल फिरणं आणि रेषेत हलणं यांच्या मधे लंबवर्तुळ असतं, आणि आम्ही बहुधा त्यात अडकलो होतो.

ते तपासायचं साधन प्रयोगशाळेतच होतं. मिस्त्रींकडून पातळ तारेच्या दोन इवल्याशा कॉइल करून घेतल्या आणि नमुन्याच्या जागी एकमेकींशी काटकोनात ठेवल्या. बदलत्या क्षेत्राने त्यांत जो विद्युतदाब निर्माण होतो तो सीआरओच्या, म्हणजे विद्युत लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या, आडव्या आणि उभ्या बाजूला दिला, ड्रायव्हरची खरखर गाळायला एकेक कपॅसिटर लावला. पडद्यावर लिसाजू आकृती, म्हणजे काटकोनातल्या दोन लहरींनी मिळून काढलेली आकृती, आली. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये प्रत्येकाने काढलेली आणि बहुतेकांनी पाठ करून विसरलेली ती आकृती. १० हर्ट्झला जवळजवळ वर्तुळ. १०० हर्ट्झला तिरपं लंबवर्तुळ.

हिशेब

कॉइलमधला प्रवाह नुसत्या रोधाने ठरत नाही, इंडक्टन्सनेही, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याच्या कॉइलच्या गुणानेही ठरतो, आणि इंडक्टन्सचा अडथळा वारंवारतेसोबत वाढतो. वेढे वाढवले की रोध वेढ्यांच्या प्रमाणात वाढतो, पण इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात. आतल्या जोडीचा रोध सुमारे ५.५ ओहम आणि इंडक्टन्स १४ मिलिहेन्री, बाहेरच्या जोडीचा १०.७ ओहम आणि ३९ मिलिहेन्री. कमी वारंवारतेला रोधाचंच राज्य असल्याने, रोधांच्या फरकाप्रमाणे लहरी एकदा जुळवल्या की दोन्ही प्रवाह जुळलेले राहतात. १०० हर्ट्झला मात्र आतल्या जोडीचा प्रवाह १.८९ पटीने घटतो आणि बाहेरच्या जोडीचा २.५ पटीने. शिवाय आतला प्रवाह ५८ अंश मागे पडतो, बाहेरचा ६६ अंश. म्हणजे दोन क्षेत्रं सारखी राहिली नाहीत आणि त्यांच्यातलं अंतरही ९० अंश राहिलं नाही. मूळ स्थिर क्षेत्राची बरोबरी साधायला दिलेले जास्तीचे वेढेच फिरत्या क्षेत्रात बरोबरी मोडत होते.

यातून निघणाऱ्या लंबवर्तुळाचा लहान अक्ष मोठ्याच्या ०.७३ पट येतो आणि कल सुमारे १४ अंशांचा. पट्ट्यांच्या तिरपेपणाचं कारण इथं मिळालं. मोबाइलच्या फोटोवर कोनमापक ठेवून मोजलेला कल या आकड्याला जुळला, तेव्हा वर्गात मुलांचा जो आवाज झाला तो ऐकण्यासारखा होता.

पण क्षेत्रात एवढासा फरक पडून चकतीचा पट्टा का व्हावा? ०.७३ म्हणजे काही शून्य नव्हे. इथं सरासरीचा हिशेब पुन्हा मांडला. ओढ क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असते. मोठ्या अक्षाच्या दिशेतला वर्ग १ धरला तर लहान अक्षाच्या दिशेतला ०.५३. मोठ्या अक्षावर असलेल्या जोडीला मिळतं उणे २ अधिक ०.५३, म्हणजे उणे १.४७. लहान अक्षावरच्या जोडीला मिळतं अधिक १ उणे १.०६, म्हणजे उणे ०.०६. वर्तुळ असतं तर दोन्हीकडे उणे १ आलं असतं (आधीच्या हिशेबातला सरासरीचा अर्धा भाग इथं सगळीकडे सोडून दिला आहे). एका दिशेची ओढ दीडपट झाली आणि दुसऱ्या दिशेची जवळजवळ नाहीशी.

अक्षांचं गुणोत्तर ०.७१, म्हणजे १ भागिले वर्गमूळ २, एवढं झालं की आडवी, म्हणजे लहान अक्षाच्या दिशेतली, ओढ नेमकी शून्य होते. त्याखाली कण आडव्या दिशेत एकमेकांना लोटू लागतात. आम्ही त्या सीमेच्या अगदी काठावर होतो. ढोबळ अंदाजाने, या क्षेत्रात दोन मायक्रोमीटरच्या दोन कणांमधली वर्तुळातली ओढ त्यांना थरथरवणाऱ्या औष्णिक ऊर्जेच्या तीस-चाळीस पट भरते. लंबवर्तुळात आडवी ओढ त्या औष्णिक ऊर्जेच्या एक-दोन पटच उरते. एवढ्या ओढीवर शेजारी टिकत नाहीत. क्षेत्र थोडं बिघडलं तर रचनाही थोडीच बिघडेल, ही समजूत इथं चालत नाही. साखळीच्या दिशेची ओढ दुप्पट वजनाची असल्याने तराजू आधीच एका बाजूला झुकायला टपलेला असतो.

दुरुस्ती कॉइलला हात न लावता झाली. अर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक वारंवारतेसाठी बाहेरच्या जोडीची लहर किती वाढवायची आणि किती अंश पुढे सरकवायची याचे आकडे घातले. १०० हर्ट्झला ते १.३२ पट आणि ८.४ अंश होते. सीआरओवर वर्तुळ आलं आणि थोड्याच वेळात पट्टे आखडून चकत्या झाल्या. आता त्या स्वस्थ होत्या, कडेच्या शेपट्या गेल्या होत्या आणि आत षट्कोनी मांडणी ओळखू येत होती. पुंजके ओबडधोबड असल्याने ती सलग नव्हती, तुकड्यातुकड्यांची होती.

मग मुलांनी उलटा प्रयोग केला, आणि या प्रकरणातलं माझ्या मते सगळ्यात चांगलं काम तेच. वारंवारता तशीच ठेवून त्यांनी गुणोत्तर मुद्दाम १ वरून ०.९, ०.८, ०.७, ०.६ असं उतरवलं. ०.८ ला अंडाकृती, ०.७ ला पट्टे, ०.६ ला पट्टे एकमेकांपासून आणखी दूर. वारंवारता हे मूळ कारण नाही, लंबवर्तुळ आहे, हे यानेच सिद्ध झालं. एका जोडीची दोन टोकं अदलाबदल करूनही पाहिली, शेतकरी पंप उलटा फिरत असला की दोन फेज बदलतात तशी. चकत्या तशाच जमल्या. सरासरीला फिरण्याची दिशा कळत नाही. फक्त प्रत्येक चकतीचं स्वतःभोवतीचं संथ फिरणं, जे क्षेत्रापेक्षा कितीतरी सावकाश असतं, ते उलट झालं.

एक निरीक्षण इथल्या हवेचं. साखळ्या कोणत्या वेगाला तुटतात हे जानेवारीत नोंदवलं होतं, ते मे महिन्यात जुळेना. पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, १५ अंश सेल्सिअसला १.१४ मिलिपास्कल-सेकंद असते आणि ४५ अंशांना ०.६०, म्हणजे जवळपास निम्मी. मेसन अंकात श्यानता आणि वेग यांचा गुणाकार येतो, म्हणून उन्हाळ्यात साखळी त्याच लांबीची ठेवून जवळजवळ दुप्पट वेगाने फिरवता येते. यवतमाळ-चंद्रपूरकडे वातानुकूलन नसलेल्या खोलीत असं काम करणाऱ्याने प्रत्येक नोंदीसोबत तापमान लिहिलंच पाहिजे. आमच्या वहीत आता त्याचा वेगळा रकाना आहे.

पुढच्या गटाने तिसरी, उभी कॉइल बसवायला घेतली आहे. फिरत्या क्षेत्रात उभं स्थिर क्षेत्र मिसळलं की एकूण क्षेत्र शंकूवर फिरतं, आणि त्या शंकूचा कोन ५४.७ अंश झाला की जोडीजोडीतली सरासरी ओढ आणि लोटणं दोन्ही शून्य होतात. तिथं कणांना जाणवतो तो शेजाऱ्यांमुळे त्यांच्यात उमटणाऱ्या जास्तीच्या चुंबकत्वाचा सूक्ष्म परिणाम, जो एरवी मोठ्या बळांखाली झाकलेला असतो. वर्तुळातला किंचित दोषही तो परिणाम गिळून टाकेल, म्हणून मिस्त्रींना या वेळी आधी इंडक्टन्स आणि रोधाचं गुणोत्तर दिलं आहे. तार आणि वेढे आहेत तेच ठेवायचे, फक्त बाहेरच्या जोडीत ४.७ ओहमचा वेगळा रोध ओळीत जोडायचा, म्हणजे दोन्ही जोड्यांचा प्रतिसाद एकाच चालीने उतरेल.